आखूड पुंगळी

“पण उस्ताद, यात पुंगळीची चूक कुठे आली?”

उस्ताद खोलीच्या दारात खुर्चीवर बसून होते.

“तुम्हीच सांगा. माझ्या पुंगळ्या मी स्वतः कापल्या. एकेक मापून. केसाएवढा फरक नाही कुठे. आणि त्या दिवशी पद्मजाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये माझी पुंगळी नव्हतीच. तिची स्वतःची होती. नेहमीची, पूर्ण लांबीची. मग ठपका माझ्यावर का?”

“ठपका कुणी ठेवला?”

“सगळे तसंच बघतायत माझ्याकडं.”

“मी विचारलं, ठेवला कुणी?”

यशोधननं पायाशी पडलेला खडा बुटानं सरकवला.

दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तीन बाजूंनी काळा कातळ, वर आभाळात घारी. त्या खाणीत इस्माईल शिकलगार नेमबाजी शिकवायचे. लष्करातून सुभेदार होऊन परत आलेले. लष्करात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते नाव मिरजेपर्यंत त्यांच्या पाठोपाठ आलं. सरकारी परवाने त्यांनी काचेत घालून खोलीच्या भिंतीवर टांगले होते. येणाऱ्याला आधी ते वाचायला लावायचे, मग आत घ्यायचे.

यशोधन डुबल त्यांचा सगळ्यात वेगवान शिष्य. कुपवाडला वडिलांचा लेथचा कारखाना. लोखंड, पितळ, माप यांत तो लहानाचा मोठा झालेला.

रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धेत सहा गोळ्या झाडायच्या, काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या झटकून टाकायच्या, नवी सहा काडतुसं भरायची आणि पुन्हा झाडायच्या. घड्याळ चालूच असतं. पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी तोकडी असते. लांब पुंगळी अर्धीमुर्धी बाहेर येते आणि नेमकी घाईच्या वेळी अडकून बसते.

स्पर्धेतले बरेच नेमबाज आपली काडतुसं स्वतःच भरतात. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू, तोंडाशी शिशाची गोळी. यशोधननं त्याच्याही पुढची गोष्ट केली. त्यानं पुंगळ्याच कापून आखूड केल्या. त्याच्या पुंगळ्या एका झटक्यात भुईवर पडायच्या. बाकीचे अजून बोटानं ओढत असायचे, तोवर हा पुन्हा नेम धरून उभा.

तो जिंकत गेला. लोक त्या पुंगळ्या मागायला लागले. कराडहून, तासगावहून, इचलकरंजीहून. त्या लांबीला नावच पडलं, ‘यशोधन माप’.

त्यानं ते नाव दोन-तीनदा स्वतःच्या तोंडानं घेतलं, तेव्हा उस्तादांनी एकदा मान वर करून बघितलं होतं. बोलले काही नव्हते.

पद्मजा आवटी याच खाणीत शिकायची. शाळेत खेळ शिकवायची. तिलाही त्यानं डबाभर पुंगळ्या दिल्या. तिनं सरावाला त्याच वापरल्या. त्या संपल्या तसं तिनं आपल्या जुन्या, पूर्ण लांबीच्या पुंगळ्यांची काडतुसं काढली. ती घट्ट बसत होती, म्हणून अंगठ्यानं रेटून बसवली.

रिव्हॉल्व्हर तिच्या हातात फुटलं.

अंगठा वाचला. उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. ज्या बोटानं चाप ओढतात, ते.

आता ती मिरजेच्या दवाखान्यात होती. आणि परवा राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. उस्तादांनी नाव पाठवल्याशिवाय यशोधनला तिथं उभं राहता येणार नव्हतं.

“उस्ताद, तुम्ही माझं नाव पाठवणार की नाही?”

उस्तादांनी खोलीच्या दारातली खुर्ची मागं सारली.

“तुला माहीत होतं?”

“काय?”

“मी विचारतोय, तुला माहीत होतं?”

“कशाबद्दल म्हणताय तेच मला कळेना.”

“हो की नाही?”

“नाही,” यशोधन म्हणाला. “मला काही माहीत नव्हतं.”

उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं… बराच वेळ.

“रिव्हॉल्व्हर काढ,” ते म्हणाले. “तुझ्या आखूड पुंगळ्यांची काडतुसं आणलीस?”

“आणलीत.”

“उडव.”

“किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

यशोधन पट्टीवर उभा राहिला. ही पट्टी म्हणजे खाणीच्या भुईवर चुन्यानं ओढलेली रेघ. तिच्यामागून नेम धरायचा, पुढे जायचं नाही.

तो झाडत गेला. सहा उडाल्या, पुंगळ्या खाली पडल्या, सहा भरल्या, सहा उडाल्या. आवाज कातळावर आपटून परत यायचा. ऊन चढलं. सिलिंडर इतकं तापलं की बोट ठेववेना. पायाशी पितळ पसरलं.

उस्ताद मागं उभे होते. थांब म्हणत नव्हते.

शेवटी डबा रिकामा झाला.

“संपल्या, उस्ताद.”

“हां.”

यशोधन वळला. त्याचा हात आपोआप पिशवीकडं गेला. पिशवीत पितळेचा बारीक, लांब ब्रश होता, सिलिंडरची सहाही घरं आतून घासायचा.

“ब्रश राहू दे,” उस्ताद म्हणाले.

“साफ करून ठेवतो.”

“राहू दे.”

“उस्ताद, गरम आहे तोवर लगेच निघतं. मग त्रास होतो.”

“रोज करतोस?”

“रोज.”

“झाडून झालं की लगेच?”

“लगेच.”

“का?”

यशोधनचा हात पिशवीतच थांबला.

“सवय आहे.”

“चांगली सवय आहे,” उस्ताद म्हणाले. “पद्मजाला होती?”

“ती… तिचं ती बघते. मी कसं सांगणार?”

“खरंय. तू कसं सांगणार!”

त्यांनी हात पुढं केला. यशोधननं रिव्हॉल्व्हर दिलं. सिलिंडर उघडून, तोंड जमिनीकडं करून, नियमाप्रमाणं.

उस्ताद खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक डबा होता. त्यात नेहमीची काडतुसं होती, पूर्ण लांबीची.

त्यांनी एक काडतूस सिलिंडरच्या घरात सोडलं. ते गेलं. दुसरं गेलं. तिसरं थोडं अडलं आणि गेलं.

चौथं नखभर वर राहिलं.

“बसेना,” उस्ताद स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. दाबला. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं. काडतूस कुरकुरत आत गेलं.

“घट्ट आहे जरा. पद्मजानं असंच केलं असेल?”



पाचवं. सहावं. दोन्हीही उस्तादांनी अंगठ्यानं रेटली. सिलिंडर बंद केलं. मग डोळ्यांवरचा जाड चष्मा काढला, तो घालून झाडायचा त्यांचाच दंडक होता, आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

ते पट्टीकडं चालू लागले.

“उस्ताद, काय करताय?”

“उडवतोय.”

“तुम्ही?”

“हो. पुंगळीची चूक नाही म्हणालास ना?”

“हो, पण…”

उस्ताद थांबले. वळले नाहीत.

“पण?”

खाणीत वारा नव्हता. वर एक घार ओरडली.

“पण काय, यशोधन?”

एक शब्द पुरे होता. तो शब्द अडकून बसला होता, अगदी त्या चौथ्या काडतुसासारखा.

“काही नाही,” तो म्हणाला.

“बरं.”

उस्ताद पट्टीवर उभे राहिले. पाय रोवले. हात सरळ केला. वयानं हात जरा वाळला होता, पण सरळ होता. डाव्या अंगठ्यानं त्यांनी टोपीवर आपटणारा घोडा मागं ओढला. कट्… असा आवाज झाला आणि घोडा उभा राहिला.

“उस्ताद, थांबा.”

उस्ताद थांबले नाहीत. त्यांनी नेम धरला.

“थांबा म्हणतो ना!”

बोट चापावर गेलं.

पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, हा त्या खाणीतला पहिला नियम. नव्या शिष्याला नाव विचारायच्या आधी हा सांगितला जायचा. यशोधननं तो इतरांना शेकडो वेळा ऐकवला होता.

तो धावला. मागून, बाजूनं, कसा ते त्याला नंतरही आठवलं नाही. त्यानं उस्तादांच्या मुठीवर झेप घातली आणि घोडा आणि टोपी यांच्यामधल्या फटीत आपला हात घातला.

घोडा पडला.

बार झाला नाही.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मऊ जागी घोड्याचं टोक रुतलं होतं. रक्ताची बारीक धार निघाली, सिलिंडरवरून ओघळली आणि उस्तादांच्या मनगटावर आली.

दोघंही तसेच उभे राहिले.

“सोड,” उस्ताद म्हणाले.

“नाही.”

“सोड. घोडा मी धरलाय.”

“आधी तुम्ही बोट काढा चापावरून.”

“काढलंय. बघ.”

यशोधननं बघितलं. मग हात सोडवला. उस्तादांनी घोडा हलकेच खाली आणला, सिलिंडर उघडलं. तीन काडतुसं खाली पडली. बाकीची तीन दांडीनं निघेनात. लाकडाच्या ठोकळ्यानं दांडीवर ठोकून काढावी लागली. उस्तादांनी सहाही उचलून निकामी काडतुसं बुडवायच्या तेलाच्या डब्यात टाकली.

त्यांत दारू होती की नव्हती, हे यशोधननं विचारलं नाही. उस्तादांनीही सांगितलं नाही.

“माहीत होतं,” उस्ताद म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

यशोधन खाली बसला. पितळेच्या ढिगातच.

“काजळी धरते,” तो म्हणाला. “आखूड पुंगळी घराच्या टोकापर्यंत पोचत नाही. तिच्या पुढं जागा रिकामी राहते. दारू जळते ती तिथं बसते. कडं होतं कडक… मग त्यावर लांब पुंगळी घातली की तिचं तोंड त्या कड्यात चेपतं. गोळी आवळली जाते, सुटतच नाही, आणि आत दाब वाढतो.”

“कधी कळलं?”

“पहिल्याच महिन्यात. माझंच एक काडतूस अडलं. मी उडवलं नाही. उघडून बघितलं. तेव्हापासून रोज घासतो.”

“आणि तिला?”

यशोधननं मान खाली घातली.

“सांगणार होतो.”

उस्ताद थांबले.

“नाही,” यशोधन म्हणाला. “सांगणार नव्हतो. सगळे वाहवा करत होते, उस्ताद. यशोधन माप, यशोधन माप. त्यात घाण धरते असं मी कुठल्या तोंडानं सांगू?… म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय. आखूडच वापरतील. कोण कशाला परत लांब घालेल.”

उस्तादांनी खिशातून रुमाल काढला. त्याच्या हातावर आवळून बांधला. बांधताना त्यांचा चेहरा त्याच्या अगदी जवळ होता. यशोधनला वाटलं, आता बोलतील. शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी फक्त गाठ मारली.

“मी आता काय करू?”

“चाचणी परवा आहे,” उस्ताद म्हणाले. “तुझं नाव मी सकाळीच पाठवलंय.”

“सकाळी? म्हणजे हे सगळं व्हायच्या आधी?”

“हो.”

“मग मी… जाऊ?”

उस्तादांनी त्याच्या पिशवीतला ब्रश काढला आणि त्याचं रिव्हॉल्व्हर घासायला घेतलं. एकेक घर. काळा भुगा त्यांच्या मांडीवर पडत होता. त्यांनी मान वर केली नाही.

यशोधन उठला आणि दवाखान्यात गेला.

पद्मजाच्या आईनं दार उघडलं. “या, बसा. अगं बाई, तुमच्या हाताला काय झालं?” खुर्ची पुढं केली, थर्मासमधला चहा कपात ओतून दिला. पद्मजा उशाला टेकून बसली होती. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर.

“चाचणी परवा ना?” ती म्हणाली. “आलास कशाला इकडं? सराव कर.”

“पद्मजा, मला माहीत होतं.”

“काय?”

त्यानं सांगितलं. काजळीचं कडं, ब्रश, पहिला महिना. मघाशी उस्तादांना सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. तिनं मध्ये काही विचारलं नाही. त्याचं संपल्यावर विचारलं.

“तू रोज घासायचास. माझ्यासमोर.”

“हो.”

“मी एकदा म्हटलं होतं तुला, किती नीटनेटका आहेस म्हणून.”

“हो.”

“तेव्हाही नाही सांगितलंस.”

“नाही.”

पद्मजानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

तिची आई उठली. यशोधनच्या हातातला कप तिनं काढून घेतला. तो अजून तसाच भरलेला होता. तिनं तो कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये ओतला, कप विसळला आणि पालथा घातला.

“जा आता,” ती म्हणाली.

तो गेला.

चाचणीच्या दिवशी मैदानात त्याचं नाव पुकारलं. एकदा, मग पुन्हा. कुणी पुढं आलं नाही. यशोधन त्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसला होता. आत जायची त्याला हिंमत नव्हती आणि दुसरीकडं कुठं जावं हे सुचत नव्हतं. पद्मजाची आई दोनदा बाहेर आली. दोन्ही वेळा त्याच्याकडं न बघता पुढं गेली.

त्यानंतर तो ज्यांना ज्यांना पुंगळ्या दिल्या होत्या, त्यांच्याकडं गेला. प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यानं तेच सांगितलं. तासगावचा एकजण हसला आणि म्हणाला, आम्ही काय लहान पोरं आहोत का, आम्हाला कळत होतं. कराडच्या माणसानं डबा त्याच्या अंगावर फेकला. इचलकरंजीत एका घरात त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि दहा माणसांसमोर पुन्हा सगळं बोलायला लावलं. तो बोलला.

पुंगळ्या गोळा करून त्यानं कारखान्यात आणल्या आणि प्रेसखाली चेपायला घेतल्या.

“चांगला माल कशाला चेपतोस?” वडिलांनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

वडिलांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि भर दुपारी घरी निघून गेले. कारखान्यात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

यशोधन खाणीत येत राहिला. झाडायचा नाही. इतरांच्या नेमाच्या फळ्यांवर नवे कागद चिकटवायचा. उस्ताद त्याच्याशी कामापुरतं बोलायचे. ये म्हणत नव्हते, जा म्हणत नव्हते.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी पद्मजा खाणीत आली.

सगळे बोलायचे थांबले. तिनं स्कूटर कातळाच्या सावलीत लावली, सरळ उस्तादांसमोर आली आणि वाकून नमस्कार केला. उजव्या हाताचं आखूड झालेलं बोट तिनं लपवलं नाही.

“उस्ताद, डाव्या हातानं शिकवाल?”

“पहिल्यापासून सुरू करावं लागेल.”

“चालेल.”

“पहिला महिनाभर रिकामा हातच धरायचा.”

“धरीन.”

“मग उभी राहा पट्टीवर.”

ती लगेच पट्टीकडं गेली नाही. ती यशोधनकडं आली. तो फळीजवळ खळीचा डबा घेऊन उभा होता. इतक्या महिन्यांत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते.

तिनं खांद्यावरची कापडी पिशवी काढून त्याच्यापुढं धरली. आत पितळ वाजलं.

“या भरून दे.”

“कोण, मी?”

“तू.”

“पद्मजा… दुसऱ्या कुणाला सांग. उस्ताद देतील भरून.”

“दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं तर तुझ्याकडं आले नसते.”

“पण का?”

“ते विचारू नकोस. मला नीट सांगता यायचं नाही.” ती थांबली. “मी रोज स्वतःला विचारते, राग गेला का. गेला नाही. आईचा तर मुळीच नाही. ती मला इथं पाठवायलाच तयार नव्हती… तरी तूच भर. पूर्ण लांबीच्या आहेत. आणि त्यांच्यात जे काय वाईट असेल ते मला आधी सांगायचं. चांगलं काय ते मग.”

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली आणि पट्टीकडं गेली.

यशोधन खोलीत गेला. टेबलावर सगळं नेहमीच्या जागी होतं. त्यानं खुर्ची ओढली. पिशवीतून एक पुंगळी काढली. तोंड बघितलं, बूड बघितलं, उजेडाकडं धरून आतून बघितलं. ठीक होती. टोपी बसवली. मग पुन्हा बघितली. मग दारू मापायला घेतली.

दारू तराजूच्या तबकाबाहेर सांडली.

त्यानं सांडलेली पुसून काढली. पुन्हा घेतली. पुन्हा सांडली. त्यानं मनगट टेबलाला टेकवून दाबून धरलं. तरीही बोटं हलत होती.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला.

उस्ताद सावलीत बसले होते. समोर पद्मजा पट्टीवर उभी होती. डावा हात सरळ पुढं, मूठ रिकामी, डोळे दूरच्या फळीवर. खांदा दुखत असावा. तिनं दात आवळले होते. हात खाली आणला नव्हता.

“उस्ताद.”

“हां.”

“माझ्याकडून होणार नाही. तुम्ही तिला समजावा.”

“काय झालं?”

“हात थरथरतायत.”

“कधीपासून?”

“पुंगळी हातात घेतल्यापासून. एकही भरून झाली नाही.”

उस्तादांनी त्याच्या हातांकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं.

“आधी कधी थरथरले होते?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, उस्ताद. इतकी वर्षं भरतोय. कधीच नाही.”

पट्टीवर पद्मजाचा हात किंचित खाली आला, तिनं तो पुन्हा वर घेतला.

“थरथरत नव्हते, तेव्हा मी तुला अडवायला हवं होतं,” उस्ताद म्हणाले. “आता जा. भर.”